हजेरीतली सहा नावं

जून आला की आमच्या गावच्या कॉलेजातले प्राध्यापक विद्यार्थी गोळा करायला निघतात. बारावी झालेली पोरं वर्ध्याला नाहीतर नागपूरला जातात, इथे उरतात थोडी. ज्या विषयाला पोरं नाहीत तो विषय बंद. म्हणून ही शिकलेली माणसं अर्जांची पिशवी घेऊन दुकानोदुकानी फिरतात आणि कुणाच्या सुनेचं, कुणाच्या बहिणीचं नाव मागतात. वर्गात येण्याची अट नसते. फी बहुधा सरच भरतात. सगळे करतात, म्हणून त्यात कुणाला काही वाटत नाही.

तत्त्वज्ञानाचे सर आमच्या दुकानात आले तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. आमचं बांगड्या-टिकल्यांचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. सर नालवाडीहून रोज बसने येत, जाताना खडूची पेटी आमच्याकडून नेत. कॉलेजचा खडू त्यांना आवडत नसे.

"वहिनी, बारावी झाली ना तुमची?"

"झाली जी. लग्नाच्या आधी."

"मग करा सही. बी.ए., तत्त्वज्ञान. यायची गरज नाई."

माझे मिस्टर गिऱ्हाइकाला बांगड्या दाखवत होते. तिथूनच म्हणाले, "हिले कायले तत्त्वज्ञान, सर? घरी आमाले रोज शिकवून राह्यली."

"मग अर्धी डिग्री झालीच म्हणा," सर म्हणाले.

मी सही केली. शेजारी बसलेल्या माझ्या जाऊबाईंनीही केली, चहा पिता पिता. अशी गावातून सहा नावं झाली. सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. तोवर वर्ग टिकला तर त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमला जाईल आणि या गावात हा विषय राहील, एवढीच त्यांची धडपड होती. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

मी वर्गात का गेले, याचं मोठं कारण नाही. घेतलेली वस्तू पडून राहिलेली मला खपत नाही. अकरा ते एक दुकानात गर्दी नसते. मी गेले.

खोलीत सर एकटेच पेपर वाचत बसले होते. मला पाहून दचकले.

"काही राह्यलं का वहिनी? फोटो?"

"अकराचा तास आहे ना?"

त्यांनी पेपर घडी करून खिडकीत ठेवला आणि हजेरीचं रजिस्टर उघडलं. सहाही नावं घेतली. प्रत्येक नावानंतर थोडं थांबले, मग 'हजर' असं लिहिलं. माझं नाव शेवटी आलं. मी "हजर" म्हटलं तर त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"एक सांगतो. वर्गात मी तुम्हाला वहिनी म्हणणार नाही. वहिनी म्हटलं की मले रागावता येत नाई."

रागावण्याची त्यांची पद्धत म्हणजे वहीच्या समासात लाल शाईने लिहिलेलं 'का?'. मी जे लिहीन त्याच्यापुढे ते असायचंच. शिकवत मात्र मोठ्या आवाजात, समोर साठ पोरं असल्यासारखं. बाहेर सायकल लावणारी पोरं खिडकीतून डोकावून हसायची. अनुमान शिकवताना पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे, हे आलं. मी म्हटलं, आमच्या इकडे पर्वत नाही. शेतात कपाशीच्या वाळक्या पराट्या जाळतात तो धूर चालेल का? म्हणाले, चालेल. मग थंडीत सकाळी धरणावर धुरासारखं दिसतं ते काय? पुढचा आख्खा तास त्यावर गेला. त्या दिवशी दुकानात मी दोनदा चुकीच्या मापाच्या बांगड्या दिल्या.

नीतिशास्त्रात खोटं बोलण्याचा धडा होता. परिणाम चांगला होणार असेल तर खोटं चालतं का? मी चार पानं लिहिली. माल संपला असेल तर गिऱ्हाइकाला 'उद्या येते' म्हणावं लागतं, नाहीतर ते तुटतं, वगैरे. सरांनी खाली लिहिलं: 'यात गिऱ्हाईक दिसतं. तुम्ही कुठे आहात?'

मी विचारलं, "अन् आपली हजेरी, सर? ते बसते का नीतिशास्त्रात?"

"नाई बसत," ते म्हणाले. "पण खोली चालू राह्यते." आणि फळा पुसू लागले.

दुसऱ्या वर्षी तपासणीची समिती येणार असं कळलं. अशा वेळी नावं दिलेल्यांना बोलावून बसवतात. ऑफिसातल्या क्लार्कने आम्हा सहा जणींना पढवलं. वर्गात किती असतात असं विचारलं तर 'कधी कमी, कधी जास्त' म्हणायचं. बाया लग्नाला निघाल्यासारख्या साड्या नेसून आल्या. जाऊबाई पहिल्या बाकावर बसल्या. तो रोजचा माझा बाक.

"सरक वं माय, मले बी डिग्री घेऊ दे," म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

समितीत एक बाई आणि दोन पुरुष होते. सरांनी हजेरी घेतली. जाऊबाईंनी "हजर" म्हटलं ते इतकं खणखणीत की दीड वर्षात मीही कधी तसं म्हटलं नसेल. पुढ्यात माझीच वही होती, त्यांनी ती उघडून बोट ठेवलं होतं, लाल 'का?'वर. समितीतल्या बाईंनी वही पाहिली, जाऊबाईंना शाबासकी दिली आणि मग सहज मला विचारलं, "तुम्ही येता का नियमित?"

"मी रोज येते."

"वर्गात किती जण असतात?"

जाऊबाईंनी माझ्या मांडीला चिमटा काढला. सर फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होते.

"मी एकटी असते," मी म्हटलं. "या आज पहिल्यांदा आल्या."

बाईंनी ते लिहून घेतलं. सरांनी तारीख पूर्ण केली, खडू ठेवला आणि हात झटकले.

पुढच्या जूनपासून नवीन प्रवेश बंद झाले, बाकीची पाच नावं कापली गेली. माझं तिसरं वर्ष पूर्ण करू देणार होते, पण एकटीसाठी खोली आणि तास मिळणार नव्हता. सरांना लायब्ररीत बसवलं, पुस्तकांवर शिक्के मारायला. ते मला तिथेच शिकवत. पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात. त्यांना हळू बोलायची सवय नव्हती. वाक्याच्या मध्येच आवाज चढायचा, शिपाई पाहायचा, आणि सर पुन्हा कुजबुजायचे. मला ते ऐकवत नसे. मी वहीत डोकं घालून लिहीत बसायची.

घरी मिस्टर म्हणाले, "एवढं खरं बोलायची काय घाई होती?" जाऊबाई महिनाभर बोलल्या नाहीत.

एकदा मी सरांना विचारलं, "माझं चुकलं का?"

"खरं बोललात."

"ते नाई विचारत."

"का बोललात, ते लिहून आणा," ते म्हणाले, आणि शिक्क्याची शाई पाहू लागले.

मी लिहायला घेतलं. आधी लिहिलं की तुम्हीच शिकवलं म्हणून. ते फाडलं. खरं तर त्या वेळी मला सत्य वगैरे काही आठवलं नव्हतं. माझ्या बाकावर जाऊबाई बसल्या, माझ्या वहीवर त्यांनी बोट ठेवलं, मी दीड वर्ष ऊन डोक्यावर घेऊन आले आणि शाबासकी त्यांना मिळाली, याचा मला राग आला. एका शाबासकीसाठी मी सरांची खोली घालवली. हे लिहायला मला जानेवारी उजाडला. वही घेऊन गेले तर लायब्ररीत सरांची खुर्ची रिकामी होती. शिपाई म्हणाला, सकाळी बसमध्येच छातीत दुखलं, वर्ध्याला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

मी नालवाडीला त्यांच्या घरी भेटून आले. वही पिशवीतच होती, काढली नाही. त्यांच्या पत्नीने विचारलं, "तुम्हीच का त्या, रोज येणाऱ्या?" मी हो म्हटलं. त्यांनी चहा केला. आणखी काही विचारलं नाही. मला वाटतं समितीपुढे मी काय बोलले ते सरांनी घरी सांगितलं नसावं.

परीक्षा दिली, पास झाले. गुणपत्रिका दुकानाच्या कपाटात, पावती-पुस्तकांखाली आहे. वहीतल्या त्या उत्तराच्या समासात काही लिहिलेलं नाही.

यंदा जूनमध्ये इतिहासाचे सर अर्ज घेऊन बाजारात फिरताना दिसले. मी दारात उभी होते. त्यांनी मला पाहिलं, क्षणभर थांबले आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरले. मागच्या गल्लीतून ते जाऊबाईंकडेही गेले होते, असं संध्याकाळी कळलं. जाऊबाईंनी सही केली.

पलीकडच्या कापड दुकानातही ते जाऊन आले. आमच्या दुकानात आले नाहीत.