सासऱ्यांची कॅनरीशाळा

माझे सासरे लिफ्टचे मिस्त्री होते. चालत्या लिफ्टमध्ये डोळे मिटून उभे राहायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. निवृत्तीनंतर त्या कानांना काम उरलं नाही म्हणून त्यांनी कॅनरी पाळल्या, असं सासूबाई म्हणतात. सासऱ्यांच्या मते कॅनरी आधीपासून डोक्यात होत्याच, नोकरी तेवढी मध्ये आली.

घरातली पुढची खोली पक्ष्यांची. पाहुणे आले की स्वयंपाकघरात बसायचे. सकाळी सासरे उकडलेलं अंडं किसून पक्ष्यांना द्यायचे, चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा जाळीत खोचायचे, बसायच्या दांड्या घासायचे, एकेकाला मुठीत धरून उजेडासमोर त्याची नखं कापायचे. स्वतःच्या पायाची नखं मात्र सासूबाईंनी डोकं खाल्ल्याशिवाय कापत नसत.

मी आले बडबड्या घरातून. माझ्या माहेरी सगळे एकाच वेळी बोलतात आणि तरी सगळ्यांना सगळं कळतं. सासरी मी पहिल्यांदा मोकळेपणी हसले तेव्हा सासरे लगबगीनं बाहेर आले आणि काय फुटलं म्हणून विचारू लागले. त्यात टोमणा अजिबात नव्हता, हे मला पुढे कळलं.

भानगड अशी होती. कॅनरीत गातो तो नर, आणि पिल्लू गाणं ऐकून शिकतं. पहिली पिसं झडली की नरपिल्लांचे पिंजरे पांढऱ्या कापडानं झाकून काही महिने जुन्या गाणाऱ्या पक्ष्याशेजारी टांगायचे, हीच त्यांची शाळा. आमच्याकडे त्या जुन्या पक्ष्याला मास्तर म्हणत. या महिन्यांत पिल्लाच्या कानावर जे पडेल ते त्याच्या गळ्यात कायमचं बसतं. सासऱ्यांच्या एका मित्राच्या पक्ष्यानं गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांसमोर सायकलचा ब्रेक म्हणून दाखवला होता. त्या मित्राचा विषय निघाला की सासरे आजही आवाज खाली आणतात, कुणाच्या तरी घरातली वाईट बातमी सांगावी तसा.

म्हणून शाळेच्या महिन्यांत आमचं घर मुकं असायचं. कुकर शेजारच्या काकूंकडे लागायचा. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलेलं असायचं. शिंक आली तर न्हाणीघर गाठायचं. माझा नवरा यातच वाढलेला. त्यानं मला लग्नाचं विचारलं तेव्हा अर्धं ऐकूच आलं नव्हतं, मी अंदाजानं हो म्हटलं.

मला मुलगी झाली ती नेमकी शाळा सुरू होताना. सासऱ्यांना आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तिचं पहिलं रडणं त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि काळजीत पडले. सूर वरचा आहे, पिल्लं पटकन उचलतील, म्हणाले. मग माझी आणि लेकीची रवानगी मागच्या खोलीत झाली आणि दाराला आतून गोधडी ठोकली गेली. मी धुमसत होते, पण मनातल्या मनात. लेकीशी मी कुजबुजत बोलायचे आणि अंगाई नुसती ओठांनी म्हणायचे.

लेक मात्र गुणाची निघाली. पोट भरलं की झोपायची, भांडं पडलं तरी हलायची नाही. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, या घराला शोभेल अशी पोर आहे, आजोबांचा शब्द खाली पडू देत नाही. मलाही त्याचं कौतुक वाटायचं. तिच्या शहाणपणावर खूश होऊन सासऱ्यांनी तिला सकाळची पुढच्या खोलीत आणायची परवानगी दिली.

अशाच एका सकाळी ती चटईवर पडली होती आणि सासरे पिंजरे साफ करत होते. मास्तर गात होता. सासऱ्यांच्या हातून पिंजऱ्याखालचा पत्र्याचा ट्रे निसटला आणि फरशीवर आपटला. कापडाखाली पिल्लांनी जाळीला धडका दिल्या. मास्तरचं गाणं तुटलं. माझ्या हातातला चहा साडीवर सांडला. लेक बंद पंख्याकडे बघत होती, तशीच बघत राहिली.

सासऱ्यांनी पक्ष्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रे उचलला, लेकीच्या डोक्यामागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तो मुद्दाम टाकला. मग वाकून, आणखी जवळून, परत टाकला. सासूबाई पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या. नवरा तोंडात ब्रश तसाच धरून दारात उभा राहिला. त्याला वाटलं वडिलांचं डोकं फिरलं.

"हिला ऐकू येत नाही," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी भलतंसलतं बोलू नका म्हणून झापलं. पोर शांत आहे, तुम्हाला तेही बघवत नाही का, असं म्हणाल्या. माझा तर तोलच गेला. त्या घरात मी पहिल्यांदा आवाज चढवला. तुमच्या पाखरांसाठी माझ्या लेकीला दाराआड कोंडलं, आणि आता तिच्यातच खोट काढता का, असं बरंच काही बोलले. पिल्लं ऐकत होती. सासऱ्यांनी मला थांबवलं नाही. ते ट्रे मांडीवर घेऊन जमिनीवर बसले.

"घर एवढं गप्प केलं मी," ते म्हणाले, "की कुणाला कळलंच नाही. मलाही नाही."

कानाच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. ऐकणं बरंच कमी होतं, पण यंत्रानं येईल, आणि वेळेत आणलंत, असं त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी विचारलं, आणखी आधी आणलं असतं तर. डॉक्टर म्हणाल्या, हे लवकरच आहे. सासऱ्यांनी परत तेच विचारलं. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती.

घरी आल्यावर त्यांनी आधी गोधडी काढली. मग काकूंकडून कुकर आणला, रेडिओ लावला आणि मिक्सर का लावत नाही म्हणून सासूबाईंच्या मागे लागले. पिल्लं भराभर शिकली. त्यातलं एक कुकरची शिट्टी इतकी हुबेहूब द्यायचं की सासूबाई गॅस बंद करायला उठायच्या. त्या वर्षी सासरे स्पर्धेला गेले नाहीत. सायकलच्या ब्रेकवाला मित्र सांत्वनाला येऊन गेला आणि जरा जास्तच वेळ बसला.

यंत्र बसवायच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. सासऱ्यांच्या हातात लहान पिंजरा होता, वर पांढरं कापड. मास्तर आत होता. लेकीच्या कानावर पहिलं काय पडावं, याचा त्यांनी बराच विचार केलेला दिसत होता. यंत्र बसवणाऱ्या बाईंनी कानामागची कळ सुरू केली आणि घरच्यांपैकी कुणीतरी बोला म्हणाल्या. आम्ही सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी कापडाचं टोक धरलं आणि सोडलं.

"सूनबाई, तू बोल."

मी लेकीवर वाकले आणि बोलले. सवयीनं कुजबूजच आली. लेक माझ्या मंगळसूत्राशी खेळत राहिली.

"असं नाही," सासरे म्हणाले. "माहेरी बोलतेस तसं बोल."

मग मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, बहुतेक तिला रागावलेच. लेकीचे दोन्ही हात हवेत उडाले. डोळे मोठे झाले, ओठ थरथरले आणि तिनं भोकाड पसरलं. शेजारच्या खोलीतली माणसं दारात जमली. माझ्या नवऱ्यानं त्यांना काही झालेलं नाही असं ठणकावून सांगितलं. तो आवाज त्याचा आहे हे मला वळून बघितल्यावर कळलं.

एवढ्या गलक्यात मास्तरला जोर चढला आणि तो कापडाखालून गायला लागला. सासरे डोळे मिटून उभे होते. त्यांनी डोळे न उघडताच पिंजरा नवऱ्यापुढे धरला.

"याला बाहेर ने," ते म्हणाले. "तिला स्वतःचा आवाज ऐकू दे."