सातव्या मजल्यापर्यंत

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दर रविवारी भाजी घेऊन येताना मला लिफ्टमध्ये गाठतात. आठवडाभरात त्यांना काहीतरी नवं सापडलेलं असतं. कधी वारली चित्रातली माणसं दोन त्रिकोणांची असतात हे, तर कधी हल्लीच्या पोरांच्या तोंडी असलेल्या 'क्रिंज' शब्दाचा अर्थ काय ते. तिसरा मजला आला तरी त्या उतरत नाहीत. माझ्या सातव्यापर्यंत बोलत येतात आणि एकट्याच खाली जातात.

या रविवारी लिफ्ट बंद होती. "अरे, मालिकेतल्या सासूची रोज डावीकडे असणारी नथ काल चक्क उजव्या नाकपुडीत!" असं सांगत, गुडघा धरून त्या तिसरा मजला ओलांडून चढतच राहिल्या. माझ्या दाराशी धापा टाकत म्हणाल्या, "कुणाच्या लक्षातही आलं नाही, बघ."

मला काहीच घाई नव्हती. तरी "हो ना," म्हणून मी दार लावून घेतलं. चार मजले उतरणारी त्यांची चप्पल आतून बराच वेळ ऐकू येत राहिली.