सगळ्यांनी निवडलेला कट्टा

इबू वार्नी, म्हणजे वार्नीबाई, माझ्या समोरच्या टेबलावर बसतात. जावातल्या क्लातेन गावी आमच्या मालकांची, बापाक हान्दोकोंची, पाळीव होला पक्ष्यांचा दाणा विकणारी कंपनी आहे, तिथे आम्ही दोघं नोकरीला. वेबसाईटवर आलेल्या ऑर्डरी बघणं हे इबू वार्नींचं काम, पण त्यांचा सगळा जीव त्याच वेबसाईटवरच्या कट्ट्यात. गिऱ्हाइकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून केलेली ती जागा. अकरा वर्षांत जावाभरचे म्हातारे होलेवाले तिथे जमले होते. कुणाचा होला घुमत नाही, कुणाचा पिसं उपटतो. इबू वार्नी सकाळी आल्या की आधी सगळ्यांची विचारपूस करायच्या, आणि दोघं भांडले तर दोघांनाही तुमचंच बरोबर म्हणून गप्प बसवायच्या.

कट्ट्यावर उत्तरं द्यायला सुरुवात केली ती त्यांच्या नवऱ्याने, पाइमिनने. तो आमच्याच गोदामात होता. होल्यांची दुखणी त्याच्याइतकी कुणाला कळत नसत, आणि लिहायचाही असा की औषधापेक्षा टोमणेच जास्त. तो जाऊन चार वर्षं झाली. त्याचा फोटो घरी आहे, पण त्याचं बोलणं उरलं होतं ते फक्त कट्ट्यावर. इबू वार्नी जेवणाच्या सुट्टीत रोज त्यातलं थोडं वाचायच्या आणि एकट्याच हसायच्या. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

कट्टा जुना झाला होता, फोनवर धड दिसायचा नाही. म्हणून बापाकनी जकार्ताहून तोगार नावाचा सल्लागार बोलावला. माणूस सुमात्राकडचा बातक, म्हणजे तोंडावर बोलणाऱ्यांतला, मोठ्या आवाजाचा, मनाने चांगला. त्याने भिंतीवर दोन सॉफ्टवेअर दाखवली. पहिलं दिसायला अगदीच साधं, पण जुनं सगळं लिखाण त्यात आणता येत होतं. दुसरं झकपक होतं. लिहिणाऱ्याला गुण, गुणांवरून पदवी, आणि बाजूलाच दाणा विकत घ्यायचं बटण. फक्त जुनं लिखाण त्यात येत नव्हतं.

"मला दुसरं आवडलंय," तोगार म्हणाला. "पण कुणी पोटात ठेवू नका हं! नाही पटलं तर तोंडावर सांगा."

आता याला काय म्हणावं! बापाकनी बोलावलेल्या पाहुण्याला, बापाकच्या देखत, तोंडावर नाही? आमच्याकडे तशी रीतच नाही. नाही म्हणायचं असलं तर दोन दिवस जाऊ द्यायचे, मग कुणा वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घालायचं. त्याने काहीतरी खायला घेऊन जायचं आणि बोलता बोलता विषय काढायचा. मी इबू वार्नींकडे पाहिलं. त्या टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसत होत्या.

"छान आहे," मी म्हणालो. पहिला मीच. मग बाकीचे म्हणाले, आणि शेवटी इबू वार्नीही.

रीतीप्रमाणे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, इबू वार्नींनी मध्ये घातलेली बापाकची थोरली बहीण, बुदे लास्मी, डबाभर क्लेपोन, म्हणजे गूळ भरलेले तांदळाचे गोळे, घेऊन भावाकडे आली. मी फाइल द्यायला आत गेलो होतो, तो तिथेच अडकलो.

"हान्दोको, आपल्या बाबांनी होल्याला नवा सागवानी पिंजरा केला होता, आठवतंय? वर्षभर घुमला नाही बिचारा."

बापाकना कळायचं ते सगळं कळलं. एक क्लेपोन त्यांनी निमूट संपवला.

"मला कुठे ठाऊक होतं?" ते म्हणाले. "सगळे छान म्हणाले की! काल तोगारला शब्द देऊन बसलो मी. पाहुणा माणूस, आता मागे कसा घेऊ?"

"नकोच घेऊस," बुदे म्हणाली. "खा अजून एक."

झालं. जुना कट्टा शनिवारी बंद होणार होता. पाइमिनचं लिखाण आधीच छापून घ्यावं असं इबू वार्नींच्या मनात आलं होतं, पण बुदे जाऊन यायच्या आत छापायला घेतलं तर तिच्या शब्दावर भरवसा नाही असं दिसलं असतं. म्हणून छपाई त्यांनी शुक्रवारवर ठेवली होती. आणि तोगार कामाचा वाघ! त्याने शुक्रवारी सकाळीच सगळं पुसून टाकलं आणि खूश होऊन आम्हाला सांगायला आला. "एक दिवस आधी!" इबू वार्नींनी त्याचे आभार मानले. मला त्याचा राग आला, त्याहून जास्त माझा.

नव्या कट्ट्यावर महिनाभरात नऊ माणसं आली. मग एक दिवस वोनोगिरीहून बस पकडून जुन्या कट्ट्यावरचे एंबा कार्सो, म्हणजे कार्सो आजोबा, आले, हातात कापडाने झाकलेला पिंजरा. वय अठ्ठ्याहत्तर. साठ वर्षं होले पाळतायत.

"तुमच्या मशीनने मला नवशिका ठरवलंय," ते हसून म्हणाले. मग कापड बाजूला केलं. होल्याचा डोळा सुजला होता. "पाइमिनने लिहिलं होतं ना, विड्याची पानं उकळून त्या पाण्याने पुसायचं? पानं किती ते विसरलो. तिथे शोधलं, सापडेना."

इबू वार्नी उठून उभ्या राहिल्या. चार वर्षं त्या ते वाचत होत्या. रोज वाचायला मिळत होतं, म्हणून पाठ केलं नव्हतं.

"सेनो," त्या माझ्याकडे वळल्या, "तीन की पाच रे?"

मला काय माहीत! पण समोर म्हातारा उभा, शेजारी त्या, आणि नाही म्हणायची जीभ मला देवाने दिलेलीच नाही.

"तीन," मी म्हणालो.

"हो, तीनच," त्या म्हणाल्या, आणि कागदावर लिहून दिलं.

"नवा कट्टा छान झालाय हं," जाताना एंबा कार्सो म्हणाले.

"हो ना. येत जा," इबू वार्नी म्हणाल्या.

ते गेले. इबू वार्नींनी पेनाला टोपण लावलं.

"तुला खरंच आठवतंय त्याने लिहिलेलं?"

"हो," मी म्हणालो.