मोठ्या डोळ्यांची गुप्तहेर आणि आमचं पंचपाळं

१६ मे १९९९, रविवार. चांदीची भांडी विभूतीच्या राखेने घासायची होती. शुक्रवारी पूजा, आणि माझ्या सासूबाईंच्या मते काळं पडलेलं निरांजन देवापेक्षा आधी शेजारणीला दिसतं. सगळी भांडी काढली तेव्हा कळलं की हळदीकुंकवाचं पंचपाळं नाही.

सासूबाईंनी तपासाला अर्धं मिनिट घेतलं.

"हिनेच नेलं," त्या म्हणाल्या. "सुनेचं बाळंतपण आलंय ना हिच्या!"

'ही' म्हणजे आमची कामवाली. ती त्यांच्या पायाशीच फरशी पुसत होती. यात आम्हाला काही वावगं वाटायचं नाही. तंजावुरात मराठी घराला एक सोय असते. बाहेर सगळा कारभार तमिळमध्ये, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर बसला असेल तर मराठीत. दुकानदार, डॉक्टर, भाडेकरू, सगळ्यांसमोर आम्ही असं बोलत आलो. कामवालीसमोर तर सतरा वर्षं.

"खरंच नेलं असेल?" मी मराठीत विचारलं आणि तमिळमध्ये तिला म्हटलं, "कॉफी ठेवली आहे, पिऊन घे."

"चेहरा बघ, कसा साळसूद," सासूबाई तिच्याकडे बघून गोड हसत म्हणाल्या.

दुपारपर्यंत तिच्याच खांद्याच्या आधाराने पायरीवर जाऊन बसून त्यांनी ही बातमी शेजारच्या मराठी घरालाही दिली. त्या घरचं धुणंही हीच धुवायची. म्हणजे संध्याकाळच्या आत गल्लीतली दोन घरं तिच्या हातून जाणार होती आणि चोरटी हे नाव मिळालं की तिसरं घर दार उघडत नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझे हात विभूतीने बरबटले होते आणि अजून दोन समया बाकी होत्या.

पाचला माझ्या मुलीचा कार्यक्रम लागला. ती तेरा वर्षांची. केबल आल्यापासून जगात काय काय चाललंय ते आमच्या घरात येऊ लागलं होतं, आणि त्या सुट्टीत जपानहून एक मुलगी आली होती. कार्टूनमधली. ती गुप्तहेर होती आणि हिंदीत बोलायची. तोवर मी तिला स्वयंपाकघरातून नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी समई मांडीवर घेऊन पहिल्यांदा समोर बसले.

पहिलं लक्षात आलं ते म्हणजे डोळे. बशीएवढे. एवढे डोळे असल्यावर पुरावे दिसणारच, त्यात हुशारी कसली? केस जांभळे, पण कुणी काही म्हणत नाही. मुलीच्या म्हणण्याप्रमाणे बारा दिवस रोज नवा खून आणि गणवेश एकच, त्यावर सुरकुती नाही. तो धुतो कोण? शाळकरी पोरगी बोट दाखवते आणि अख्खं पोलीस खातं वही काढून लिहून घेतं. आमच्या चौकीत माझी सायकल गेल्याची तक्रार द्यायला मी तीन वेळा गेले होते, तेव्हा मला विचारलं होतं, घरी पुरुषमाणूस नाही का?

"हिची आई कुठे आहे?" मी विचारलं.

"दाखवत नाहीत."

"म्हणूनच. आई असती तर ही सहाला घरात असती आणि खुनी मोकळे फिरले असते."

"आई, गप्प बस ना! आता ती सांगणार आहे."

कामवाली उंबऱ्याशी भिंतीला टेकून बघत बसली होती. ती रोज बसायची. गल्लीत हिंदी समजणारं घर आमचंच अशी आमची ख्याती. मुलीला निम्मं समजायचं, उरलेलं ती ठोकून द्यायची आणि कामवालीला तमिळमध्ये सांगायची. पडद्यावर त्या पोरीचा नुसता चेहरा होता. ती इन्स्पेक्टरला म्हणाली, चोर सापडेल, आधी आपला चष्मा शोधा, नाकावर आहे.

कामवाली हसली. मुलीने तमिळमध्ये सांगायच्या आधी. चोर, चष्मा, नाक हे शब्द मराठीतही तेच.

मुलगी वळून तिच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा पडद्याकडे तोंड केलं आणि अगदी सपाट आवाजात, मराठीत म्हणाली, "आई, दूध उतू जातंय."

मी उठेपर्यंत कामवाली उठून स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा. शेगडी विझलेली होती. ओट्यावर दूध नव्हतंच. ती तिथेच पाठमोरी उभी राहिली. टीव्हीवर कुणालातरी बेड्या घालत होते.

"अक्का," मुलगी म्हणाली, "तुला मराठी येतं."

ती दारात आली आणि मराठीतच बोलली, माझ्या मुलीपेक्षा स्वच्छ. "पंचपाळं तांदळाच्या डब्यात आहे. ओरत्तनाडूच्या लग्नाला गेलात तेव्हा तुम्हीच टॉवेलात गुंडाळून तळाशी ठेवलंत. चोर येतील म्हणून."

मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला. टॉवेल हाताला लागला.

"मग सकाळपासून सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. अजून माझाच आवाज चढलेला होता.

"मला विचारलंत कुठे, अम्मा? तुम्ही आपसात बोलत होतात."

सासूबाईंना पंचपाळं सापडल्याचं काहीच नव्हतं. "हिला मराठी येतं!" असं त्या म्हणत राहिल्या, जणू खरी चोरी हीच उघडकीला आली. मग त्यांचा चेहरा उतरला. सतरा वर्षांचं बोलणं आठवत असणार. तिच्या नवऱ्याच्या दारूवर केलेले विनोद. तिला द्यायच्या साडीतली कुठली जास्त विरलेली आहे त्याची चर्चा. शिवाय धाकटे दीर घरी नको असण्याची कारणं, माझ्या माहेरचा उद्धार. आणि मला आठवलं, सासूबाई दुपारी झोपल्या की मी त्यांच्याविषयी बहिणीला फोनवर जे सांगायचे ते सगळं.

"आज्जी, आता कोणत्या भाषेत बोलणार?" मुलीने विचारलं.

कामवालीने कपडा पिळून वाळत घातला, केरसुणी दारामागे उभी केली. निघताना आमच्याकडे कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. ती 'जाते' म्हणाली.

मुलीने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "कार्टूनमध्ये चोर सापडला की संपतं."

सासूबाईंना रात्री अंथरुणावर टेकवताना मला घाम फुटला. त्यांचे गुडघे गेल्यापासून तेही रात्री येऊन तीच करायची. सासूबाई म्हणाल्या, "दुसरी मिळेल." त्यांना माहीत होतं, मिळणार नाही. मला माहीत होतं की तो मुद्दाच नव्हता. चोरटी आम्ही म्हटलं होतं, आणि ते मागे घ्यायचं होतं शेजारच्या घरातही.

सकाळी साडेपाचला आधी मी शेजारी गेले आणि पायरीवरच सांगितलं की पंचपाळं मीच ठेवून विसरले होते. शेजारीण "असं होय" म्हणाली, ते मला पुढे वर्षभर ऐकावं लागलं. मग कालव्यापलीकडे तिच्या वस्तीत गेले. ती नळावर पोचली होती, मागे रांगेत आठदहा बायका. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं तमिळमध्ये म्हटलं, "भांडं घरातच होतं. मीच ठेवलं होतं. तुझ्यावर आळ घेतला, माझं चुकलं."

तिने नळाखाली दोन घडे भरून घेतले. मग म्हणाली, "ज्या भाषेत म्हणालात त्या भाषेत म्हणा."

मी मराठीत म्हटलं. ते जास्त अवघड गेलं. तिने एक घडा कमरेवर घेतला आणि दुसऱ्या घड्याकडे हनुवटीने खूण केली. मी तो उचलला आणि साडी भिजवत तिच्या मागून तिच्या घरापर्यंत गेले.