त्रिकोणाची नावं बदलणारे मौलाना

युसूफ मौलाना भूमिती डोलत शिकवायचे. कुराण पाठ करताना मुलं मागंपुढं डोलतात ना, अगदी तसंच डोलत, तसल्याच सुरात समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय! तासगावच्या मदरशाच्या पडवीत मी ते पहिल्यांदा ऐकलं आणि पायरीवरच थबकले.

खरं तर मी भांडायला गेले होते. शाळा सुटलेल्या मुलांसाठी आमचा गट काम करतो. ‘आमच्या पोरांची दहावी कुणी पळवली?’ असा लाल मथळा छापलेली पत्रकं पिशवीत होती. मौलानांनी एक पत्रक शेवटपर्यंत वाचलं, तेही डोलत, आणि म्हणाले, “बेटा, लय रागात लिवलंयस. राग बराबर हाय. पर पोरं हितं बसल्यात आन् तू कागद बाजारात वाटतीस व्हय? इंग्रजी येती न्हवं? मग चा घे आन् सुरू कर.”

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मी सांगलीहून एसटीने जाऊन इंग्रजी शिकवू लागले.

मौलाना स्वतः पाचवीनंतर शाळेबाहेर पडलेले. पुढचं सगळं शिक्षण मदरशात. त्यांनी घडवलेला एक मुलगा, संपूर्ण कुराण तोंडपाठ, आवाज असा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. तो आयटीआयला गेला, तर दहावी नाही म्हणून दारातूनच परत आला. मौलाना सांगायचे, “त्यो मला काय बोलला न्हाई. सलाम केला आन् द्राक्षाच्या शेडवर पेट्या उचलाय गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.” त्यानंतर त्यांनी ठरवलं, इथली मुलं बाहेरून दहावीला बसतील. सकाळी कुराण, दुपारी शाळेची पुस्तकं.

टीव्हीवर मदरशाच्या नावानं रोज गळा काढणाऱ्यांपैकी एकही इथं खडू घेऊन आला नाही, हे मी लिहिणारच. आणि आमच्याच समाजातल्या मुरब्बी मंडळींनाही सोडणार नाही. मदरशाचे मुख्य विश्वस्त हाजीसाहेब, बेदाण्याचे व्यापारी, भर बैठकीत म्हणाले, “पोरं हिसाब शिकतील आन् कुरान इसरतील. एक वर्ष देतो. चाचणी घ्यायची. नापास झाली तर वर्ग बंद.”

चाचणीचा पेपर गावातल्या हायस्कूलच्या गणिताच्या सरांनी काढला. पाच मुलं बसली. बीजगणित जेमतेम निभावलं. भूमितीत मात्र पाचही जणांनी एकच चूक केली. प्रश्नात त्रिकोण होता पी-क्यू-आर. पाचही जणांनी सुंदर अक्षरात सिद्धता लिहिली, ती पुस्तकातल्या ए-बी-सीची. शब्दाला शब्द, स्वल्पविरामासकट. विश्वस्तांच्या बैठकीत सर म्हणाले, ही कॉपी आहे. मी सरांवर तडकले. मौलानांनी हात वर करून मला गप्प केलं.

“कॉपी न्हाई, साहेब. पाठांतर हाय. आन् ते मी करून घेतलंय.”

“मग झालं की,” हाजीसाहेब उठले. “बंद करा.”

“हाजीसाब, बसा जरा,” मौलाना म्हणाले. “कुरानात एक मात्रा हालली तर पोराला आपण थांबवतो. थांबवलंच पायजे. मी भूमितीलाबी तसंच धरलं. पर हितं नाव हालवूनच बघायचं असतंय, तवा कळतंय की गोष्ट खरी हाय का न्हाई. हे मलाच ठावं न्हवतं. पोरांची चूक न्हाई, मास्तर कच्चा हाय. मास्तरला मुदत द्या.”

इतक्या माणसांसमोर आपली चूक अशी सरळ सांगणारा मौलाना हाजीसाहेबांनीही पाहिला नसावा. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत मुदत मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात चुन्याचा मोठा त्रिकोण. तीन कोपऱ्यांवर तीन मुलं उभी. “त्रिकोण समीर-इम्रान-तौफिक, बोल, कुठली बाजू कुणाएवढी?” मग जागा बदलायच्या, नावं बदलायची. एकदा तर मलाच कोपऱ्यावर उभं केलं. “मॅडम हालत्यात! काटकोन बिघडला!” पोरं हसून लोळली. सकाळचं कुराण तसंच चालू होतं, एक मात्रा इकडची तिकडं न होता.

आणि फॉर्म भरताना मौलानांनी स्वतःचंही नाव घातलं. “पोरांना म्हनायचं बसा, आन् आपुन बाहेर उभं ऱ्हायचं, हे न्हाई पटत.” पांढरी दाढी, टोपी, हातात कंपासपेटी. पहिल्या पेपराला ते वर्गात शिरले तर सगळी मुलं पर्यवेक्षक समजून ताडकन उभी राहिली. “बसा रं बसा,” मौलाना म्हणाले, “माझाबी नंबर हुडकाय लागा.”

निकाल लागला. पाचही मुलं पास. समीर तर पुढं आयटीआयला गेला. मौलाना सगळ्या विषयांत सुटले, फक्त भूमितीनं घात केला. वयामुळे कंपास त्यांच्या हातात ठरत नाही, रचनांचे गुण गेले.

ते मदरशात मान खाली घालून बसले होते. हाजीसाहेब आले. मला वाटलं, आता जुनी अट काढणार, नापास तर वर्ग बंद. मी भांडायच्या तयारीतच होते. हाजीसाहेबांनी सोबत आणलेल्या नातीला पुढं केलं. पोरगी सातवीतून शाळा सोडून घरी बसलेली.

“हिलाबी बसवा दुपारच्याला,” ते म्हणाले.

“हाजीसाब, मास्तर नापास हाय,” मौलाना पुटपुटले.

“मग काय झालं? परत बसायचं की.”