पद्मजाताईंची उपाशी झाडं

देवाची भांडी निम्मी घासून झाली होती, निम्मी चिंच लावून ठेवली होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात पद्मजाताई.

"सुमेधा, चल. हेंकने बोलावलंय. आज काय ते कळेल. काही उगवलं नसेल, तर मी आजच ग्रुप सोडते."

पद्मजाताई मूळच्या डोंबिवलीच्या. यजमान गुरुनाथराव इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या चिप कंपनीत, मुलं शिकायला डेल्फ्टला. रिकामं बसणं ताईंना ठाऊक नाही. गावाबाहेरच्या माळावर दर ऑगस्टमध्ये हेदर नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप फुलतं. तो माळ राखणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये त्या सात वर्षांपूर्वी शिरल्या आणि डच तिथेच शिकल्या. हेंक तिथला मुख्य. एक तुकडा त्याने ताईंच्या स्वाधीन केला होता.

त्या तुकड्यातलं हेदर वयस्क झालेलं, पंचवीस-एक वर्षांचं. खोडं लाकडासारखी, झुडूप मधोमध फाकून आडवं पडलेलं, पोटात भुंडी जागा. ताईंना दया आली. आमच्या भजनी मंडळातल्या सहा घरांचं निर्माल्य कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून त्या ते गोळा करतात. ते कुजवून दर शनिवारी त्यांनी झुडपांच्या पोटात भरलं. दोन वर्षं. माझ्या घरचंही त्यात होतंच. गवत मांडीएवढं वाढलं आणि हेदर त्याखाली गेलं.

हेंक रागावला नाही. माती हातात चुरत म्हणाला, या झाडाला उपास मानवतो, खाऊ घातलं की जातं. ताईंनी कपाळाला हात लावला. "मी स्वतः एकादशी करते, आणि याला दर शनिवारी नैवेद्य!"

मग चौदा सालच्या शरदात गवत, मुळं, वरची काळी माती, सगळं साल काढावं तसं खरवडून काढलं. खाली नुसती पांढरी रेती. हेंक म्हणाला, जुन्या फुलांचं बी मातीत कित्येक वर्षं पडून असतं, त्याला उजेड हवा. पहिल्या वसंतात काही दिसलं नाही. ताई तेव्हापासून ग्रुपच्या चहाला थांबत नव्हत्या.

आज हेंकने आम्हा दोघींना गुडघ्यांवर बसवलं आणि भिंग दिलं. मला शेवाळंच वाटलं. मग दिसलं. मोहरीएवढ्या पानांचे हिरवे ठिपके, वीतभर जागेत सतरा. ताईंनी दोनदा मोजले. दुसऱ्या खेपेला अठरा भरले. भिंग माझ्याकडे देऊन त्यांनी डोळे पुसले. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले.

"आता यांना काय घालू?" त्यांनी विचारलं.

काही नाही, हेंक म्हणाला. पाणीसुद्धा नाही.

"मग माझं काम काय?"

त्याने बाजूला बोट दाखवलं. बर्च नावाच्या उंच झाडांची रोपं हेदरच्या आधी डोकं वर काढत होती. ती उपटायची, दर शनिवारी, नाहीतर माळाचं रान होईल.

ताई आज चहाला थांबल्या. बिस्किटं पुढे करत हेंकने ती झाडांपासून लांब ठेवायला सांगितली. सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या ताईच. येताना मला म्हणाल्या, "तुझं निर्माल्य आता माझ्या परसातल्या गुलाबांना. आणि शनिवारी तूही येतेस. निम्मा दोष तुझ्या घरच्या झेंडूंचा."

घरी आले तर चिंच वाळून भांड्यांना चिकटली होती. ती पुन्हा भिजवून घासली, मग हे लिहायला बसले.

उद्या गार्डन सेंटरमधून जाड हातमोज्यांचे दोन जोड आणायचे.