न झाडलेलं घर

माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की त्याच्या पाठोपाठ घर झाडत नाहीत, हे बऱ्याच ठिकाणी पाळतात. आमच्या घरात मात्र समुद्रावर गेलेला माणूस सुखरूप पोचल्याची खबर येईपर्यंत कुणी केरसुणीला हात लावत नसे. म्हणून नवरा कुवेतहून आगबोटीनं मुंबईला निघाला तेव्हा मी त्याला उंबऱ्यातूनच निरोप दिला आणि केरसुणी दाराआड उभी केली. रत्नागिरीकडे त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते, जाणं भाग होतं. माझ्या पोटात पहिलं मूल होतं. परक्या मुलुखात आता माझं म्हणावं असं माणूस एकच उरलं, घरमालकीण.

तिला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. मातीच्या जुन्या घरातली अंगणापलीकडची खोली तिनं आम्हाला भाड्यानं दिली होती. तिचा नवरा उन्हाळ्यात मोत्यांसाठी बुड्या मारायचा आणि हिवाळ्यात गलबतावरून मुंबईला जायचा. त्याच्याकडून तिनं मोडकंतोडकं हिंदी उचललं होतं. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता तेलाचा पैसा आला होता. सरकार गल्लीतली जुनी घरं चढ्या भावानं विकत घेऊन पाडत होतं, शेजारीपाजारी नव्या बंगल्यांत गेले होते. खालाचा मुलगा रोज आगगाडीच्या डब्याएवढी मोटार घेऊन आईला न्यायला यायचा आणि खाला त्याला चहा पाजून परत पाठवायची.

आमच्या घरच्या त्या रिवाजाला कारण माझी पणजी. तिच्या वेळी इंग्लंडच्या राणीचं राज्य होतं, रुपयावर तिचं तोंड असायचं. शिडाची गलबतं मागे पडून आगबोटी आल्या आणि पणजोबा शिडाच्या दोरावरून थेट बोटीच्या पोटात उतरला, भट्टीत कोळसा लोटायला. त्या भट्टीनं आमचं घर वर काढलं. गवताच्या छपराच्या जागी कौलं आली, चिनी मातीच्या बशा आल्या, भिंतीवर लंबकाचं विलायती घड्याळ आलं. पणजोबा मात्र दर खेपेला आणखी काळा, आणखी बारीक होऊन यायचा, खोकत खोकत. एकदा तो निघाला त्याच दिवशी गावच्या बायका घड्याळ बघायला येणार होत्या. तो पाणंदीच्या वळणावर दिसेनासा व्हायच्या आत पणजीनं घर झाडून घेतलं. तो परत आला नाही. भट्टीनं खाल्ला की तापानं, कुणी धड सांगितलंही नाही. लोक पणजीला सुखवस्तू म्हणायचे आणि ती त्या घड्याळाकडे पाठ करून जेवायची, असं आई सांगायची. मला विचाराल तर त्यात केरसुणीचा काय दोष? दोष विचारायचा तर त्या बोटवाल्यांना विचारा. पण हे शहाणपण नवरा घरात असताना सुचतं.

पोचल्याचं पत्र आलं नाही. रेडिओवर समुद्र खवळल्याचं सांगत होते. त्यातच वाळूचं वादळ झालं आणि खोलीत पाऊल उमटेल एवढी धूळ साचली. भाकरीत कचकच, अंथरुणात कचकच. मी तशीच वावरायची. खालाला वाटलं मी आजारी, नाहीतर आळशी. एका सकाळी मी पाणी घेऊन आले तर ती खजुरीच्या पानांची झाडणी घेऊन माझ्या दारात वाकलेली.

मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं की झाडणी तिच्या हातून पडली. मग तिथेच मटकन बसले आणि रडत रडत पणजी, बोट, घड्याळ सगळं सांगून टाकलं. तिला किती कळलं ते अल्लालाच ठाऊक. ती माझ्या शेजारी त्या धुळीतच बसली.

"हम भी," ती म्हणाली. "जहाज नहीं आता, तो सब औरत समंदर पे. खजूर का डाली जलाता, पानी में मारता. बोलता, बस कर, हमारा आदमी वापस दे."

"फिर? दिया?"

"कभी दिया." तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. "झाडू नहीं, बिंती. कोई झाडू नहीं." बिंती म्हणजे माझी लेक.

त्या दिवसापासून तिनं स्वतःची खोलीही झाडली नाही. एरवी चटईवर खजुराची बी पडली तरी कपाळाला आठ्या घालणारी बाई! तिचा मुलगा पांढराशुभ्र झगा उचलून चवड्यांवर चालत यायचा. घर रिकामं करायची मुदत आली तेव्हा त्यानं खूप आरडाओरडा केला. खाला शांतपणे काहीतरी बोलली आणि तो आल्या पावली परत गेला. मग तिनं मला सांगितलं, "मैं बोला, इस घर का एक आदमी समंदर पे है. वो आएगा, फिर मैं जाएगा."

इस घर का! आम्ही तर भाडेकरू. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि मी पडलेही.

तो आला. वडील सावरले होते. पोचल्याचं पत्र त्यानं टाकलं होतं, ते वाटेत कुठे गेलं कुणास ठाऊक. खांद्यावर नारळांचं पोतं घेऊन तो दारात उभा राहिला आणि धुळीकडे बघत म्हणाला, "घर झारलंस नाय अजून?"

खाला बाहेर आली, तिनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं, मग आत जाऊन स्वतःची झाडणी आणली आणि दाराआडची केरसुणी माझ्या हातात दिली. गल्लीच्या तोंडाशी बुलडोझर येऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ते घर पाडणार होता. आम्ही दोघींनी ते कानाकोपऱ्यातून झाडून काढलं, अंगणसुद्धा, आणि मगच खाला मुलाच्या मोटारीत बसली.